मोमोतारोचे सोबती नौदलात काय करतायत?

मागे डिपार्टमेंटच्या सेमिनारमध्ये मी मोठ्या हौसेने एक स्लाइड लावली होती. डावीकडे 'वन पीस'चा नायक लुफी, उजवीकडे आपला मारुती. लुफीच्या नावातच 'मंकी', दोघंही शरीर हवं तेवढं वाढवू शकतात, दोघांचाही सूर्याशी संबंध. आणखी काय हवं? मॅडमनी शांतपणे विचारलं, "साम्य दिसतंय. पण ओदांनी ते इथूनच घेतलं हे कशावरून?" मी उत्तरादाखल पुन्हा तीच स्लाइड दाखवली. पुढे काय झालं ते सोडा.

आजची पोस्ट त्या प्रश्नाबद्दल आहे. इंटरनेटवर तुम्हाला लुफी म्हणजे कृष्ण, लुफी म्हणजे हनुमान अशा डझनभर थिअरी सापडतील. माझ्या पीएचडीचं निम्मं काम म्हणजे अशा थिअरींची चाळणी करणं. (वानोपर्यंत वाचलं नसेल तर इथेच थांबा, पुढे सगळं फोडणार आहे.)

सगळ्यात सोपा पुरावा नावांचा. एडवर्ड टीच ऊर्फ ब्लॅकबिअर्ड हा खराखुरा चाचा होता, 1718 मध्ये मारला गेला. जुन्या कागदपत्रांत त्याचं आडनाव कुठे 'टीच' तर कुठे 'थॅच' असं येतं. आता मांगा आठवा. व्हाइटबिअर्डचं नाव एडवर्ड न्यूगेट, ब्लॅकबिअर्डचं मार्शल डी. टीच, आणि टीच ज्या सोबत्याचा खून करून पळतो त्याचं नाव थॅच! एका माणसाचं नाव तिघांत वाटून टाकलंय. हा योगायोग असणं जवळजवळ अशक्य.

दुसरा पुरावा चित्राचा. एनेलच्या पाठीमागचं ढोलांचं कडं जपानी वाचकाला समजावून सांगावं लागत नाही. क्योतोच्या सान्जूसान्गेन्दो मंदिरातला मेघगर्जनेचा देव राइजिन असेच ढोल घेऊन उभा आहे. फक्त त्याचे लोंबते कान बुद्धमूर्तीसारखे आहेत. स्वतःला देव म्हणवणारा माणूस दोन वेगळ्या ठिकाणांहून देवपणाच्या खुणा उचलतो, ही ओदांची खोडी मला भारी आवडते.

पण माझा खरा जीव अडकलाय तो तीन ॲडमिरलमध्ये. आकाइनु म्हणजे लाल कुत्रा, किझारू म्हणजे पिवळं माकड, आओकिजी म्हणजे निळा किजी. किजी हा लांब शेपटीचा, कोंबड्याच्या कुळातला पक्षी. कुत्रा, माकड, किजी असं त्रिकूट म्हटलं की जपानमधलं शाळकरी पोरगंही सांगेल, हे तर मोमोतारोचे सोबती. नदीतून वाहत आलेल्या पीचमधून एक मुलगा निघतो, मोठा होतो, वाटेत बाजरी-वरीसारख्या धान्याचे लाडू वाटून या तिघांना सोबत घेतो, आणि ओनींच्या म्हणजे राक्षसांच्या बेटावर चाल करून जातो. आपल्याकडे लहानपणी चिऊ-काऊ ऐकतात, तितकी तिकडे ही गोष्ट मुरलेली आहे.

आता इथे जरा थांबू या, कारण ही गोष्ट एवढी निरागस राहिलेली नाही. दुसऱ्या महायुद्धात ती प्रचाराला जुंपली गेली. 1943 च्या एका ॲनिमेशनपटात मोमोतारो आपल्या प्राण्यांची फौज घेऊन 'ओनींच्या बेटावर' विमानहल्ला करतो, आणि ते बेट म्हणजे उघडउघड पर्ल हार्बर. 1945 मध्ये आलेला 'मोमोतारो: उमि नो शिनपेइ' हा जपानचा पहिला पूर्ण लांबीचा ॲनिमेशनपट. तो नौदलाच्या पैशातून बनला. दोन्हींचे दिग्दर्शक मित्सुयो सेओ. शत्रू म्हणजे ओनी, आणि ओनीला मारणं म्हणजे न्याय, असं सरळ समीकरण.

हे डोक्यात ठेवून मरीनफोर्डची लढाई परत वाचा. कुत्रा, माकड आणि किजी कुठे आहेत? नौदलात! अंगावरच्या कोटावर 'न्याय' लिहिलेलं. आणि फासावर कोण चढवला जाणार आहे? एस, ज्याचा मोठा गुन्हा म्हणजे तो कुणाचा मुलगा आहे हा. मरताना तो स्वतःबद्दल बोलतो तेव्हा मूळ जपानीत शब्द येतो तो 'ओनीच्या रक्ताचा'. भाषांतरात तिथे 'सैतान' किंवा 'राक्षस' असं काहीतरी येतं आणि धागा तुटतो. जपानीत मात्र सगळं जागच्या जागी आहे: मोमोतारोचा कुत्रा ओनीच्या पोराला मारतो, आणि वाचकाचे डोळे ओनीच्या पोरासाठी भरून येतात.

ओदांच्या मनात ते दोन सिनेमे होते असं मी म्हणत नाहीये. तेवढा पुरावा माझ्याकडे नाही (मॅडम, वाचताय ना?). पण प्राणी त्यांनी निवडले, बाजूही त्यांनीच निवडली.

वानोमध्ये मग ते गोष्ट पुन्हा सुलट करतात की काय असं वाटतं. ओनिगाशिमा आहे, शिंगं असलेला काइदो आहे, मोमोनोसुके नावाचा मुलगा आहे, ओतामाचे लाडू खाऊन शत्रूच मित्र होतायत. पण काइदोला पाडतो कोण? चाचा. आणि तो ज्या रूपात पाडतो ते 1044 व्या प्रकरणात उघड झालेलं सूर्यदेव निकाचं. जपानी पुराणात सूर्य म्हणजे आमातेरासु, राजघराण्याची मूळ देवी. निका मात्र गुलामांचा देव, हसवणारा, बेड्या तोडणारा. माझ्या मते (हे निव्वळ माझं वाचन) ओदांनी इथे सूर्य दरबारातून काढून गुलामांच्या हाती दिलाय. हसण्याचा धागा मात्र जुन्या कथेतही आहे: आमातेरासु रुसून गुहेत बसते तेव्हा उझुमे नाचते, देव खदाखदा हसतात, आणि त्या हसण्याने सूर्य बाहेर येतो.

बरं, मारुतीचं काय? तो धागा अगदीच खोटा नाही, फक्त लांबचा आहे. ओदा लहानपणापासून तोरियामांचे चाहते, तोरियामांचा गोकू आला चिनी सुन वुकोंगकडून, आणि सुन वुकोंगच्या मागे हनुमान आहे का यावर हू शी आणि लू शून यांच्यात जुना वाद आहे. हू शी 'हो' म्हणत होते, लू शून चिनी पाण्यातल्या एका माकडराक्षसाकडे बोट दाखवत होते. माझ्या नव्या स्लाइडवर आता लुफी आणि मारुती यांच्यामध्ये गोकू आणि सुन वुकोंग आहेत, आणि शेवटच्या बाणावर प्रश्नचिन्ह.