जुनी पिकअप चढावर अडखळतेय? इंजेक्टर बदलण्याआधी हे तपासा

अॅक्सिलरेटर दाबला तरी गाडी क्षणभर थांबल्यासारखी होते, झटके देते, मग कशीबशी वेग घेते. दोष नेमका कुठे असतो? आणि तो कमी खर्चात कसा शोधायचा? समजून घेऊया.

माझ्या मामांची 12 वर्षं जुनी डिझेल पिकअप आहे. हंगामात ती रत्नागिरीहून कोल्हापूरला आंब्याच्या पेट्या नेते. गेल्या हंगामात गाडी साखरप्यापर्यंत व्यवस्थित धावायची आणि आंबा घाट लागला की अडखळायची. पाय पूर्ण दाबलेला, पण इंजिनात जोर नाही. दहा मिनिटं बाजूला उभी केली की पुन्हा नीट चालायची, पुढच्या चढावर परत तेच. मिस्त्रींनी निदान केलं, "मामा, इंजेक्टर गेले." चारही इंजेक्टर बदलले. पुढच्याच फेरीला गाडी त्याच वळणावर अडखळली.

दोष शेवटी निघाला डिझेलच्या टाकीत. तो कसा सापडला, ते पुढे पाहू. त्याआधी इंजिन अडखळतं म्हणजे काय होतं, हे पाहू.

इंजिन का अडखळतं?

डिझेल इंजिनाला ताकदीसाठी दोन गोष्टी लागतात: पुरेशी हवा आणि योग्य वेळी, योग्य दाबानं फवारलेलं डिझेल. गेल्या काही वर्षांतल्या बहुतेक पिकअपमध्ये 'कॉमन रेल' पद्धत आहे. त्यात पंप डिझेलचा दाब हजार बारच्याही वर नेतो आणि संगणक, म्हणजे ईसीयू, इंजेक्टर कधी उघडायचा ते ठरवतो. तुलनेसाठी, पिकअपच्या मागच्या टायरमध्ये जेमतेम चार-पाच बार हवा असते.

सपाट रस्त्यावर इंजिनाची मागणी कमी असते, त्यामुळे थोडा अडथळा असला तरी भागून जातं. भरलेली गाडी चढाला लागली की मागणी एकदम वाढते आणि दडलेला दोष उघडा पडतो. म्हणून गाडी 'घाटातच' त्रास देते.

आधी धूर बघा

सगळ्यात स्वस्त तपासणी आरशातून होते. गाडी अडखळत असताना सायलेन्सरमधून काय बाहेर पडतंय?

- काळा धूर: डिझेल आहे, पण हवा कमी पडतेय. एअर फिल्टर चोंदलेला, टर्बोपासून इंजिनाकडे जाणारा होज पाइप फाटलेला किंवा ईजीआर व्हॉल्व्ह उघडाच अडकलेला असू शकतो.
- पांढरा धूर: डिझेल नीट जळत नाहीये. इंजेक्टर, कॉम्प्रेशन किंवा सिलिंडरमध्ये शिरणारं कूलंट, यांपैकी काहीही असू शकतं. कूलंटची पातळी आधी बघा.
- निळसर धूर: इंजिन ऑइल जळतंय. टर्बोचा सील किंवा रिंगा तपासाव्या लागतील.
- धूर नाही आणि ताकदही नाही: डिझेल पुरेसं पोहोचत नाहीये किंवा ईसीयूनंच ताकद कमी केली आहे. मामांच्या गाडीचं हेच होतं.

हवेची बाजू कशी तपासाल?

एअर फिल्टर काढून उजेडात धरा. मातीनं भरला असेल तर बदला. मग टर्बो, इंटरकूलर आणि इंजिन यांना जोडणाऱ्या रबरी होजवर हात फिरवा. फट बहुतेक वेळा क्लॅम्पजवळ किंवा खालच्या बाजूला असते, वरून दिसत नाही. एकाच जागी तेलाचा ओला डाग आणि जोर लावताना 'फुस्स' आवाज, ही तिची खूण. ही तपासणी इंजिन बंद आणि थंड असतानाच करा.

डिझेलची बाजू: टाकीपासून सुरुवात

बऱ्याच पिकअपमध्ये पंप टाकीतून डिझेल खेचून घेतो. त्यामुळे या पाइपला बारीक चीर पडली तर डिझेल बाहेर गळेलच असं नाही, उलट हवा आत शिरते. मिस्त्रींच्या भाषेत गाडी 'एअर पकडते'. सकाळी उशिरा स्टार्ट होणं आणि फिल्टरवरचा हँड पंप मऊ लागणं, ही त्याची लक्षणं. पाइपचा छोटा पारदर्शक तुकडा मध्ये जोडला की बुडबुडे डोळ्यांनी दिसतात.

यानंतर क्रमानं तीन गोष्टी बघा.

1. डिझेल फिल्टर: तळाचा स्क्रू सैल करून थोडं डिझेल काचेच्या बाटलीत घ्या. पाणी असेल तर ते खाली बसलेलं दिसेल. फिल्टर शेवटचा कधी बदलला हे आठवत नसेल, तर आधी तोच बदला.
2. टाकीचं झाकण: गाडी अडखळली की सुरक्षित जागी थांबून झाकण उघडा. हवा आत ओढल्याचा आवाज आला आणि गाडी लगेच सुधारली, तर टाकीत हवा जायची वाट बंद झाली आहे.
3. टाकीतली जाळी: मामांच्या गाडीचा दोष इथे होता.

दुसऱ्या मिस्त्रींनी साधी युक्ती केली. टाकीचा पाइप काढून पंपाला स्वच्छ कॅनमधून डिझेल दिलं, परतीचा पाइपही त्याच कॅनमध्ये सोडला आणि भरलेली गाडी चढावर नेली. गाडी एकदाही अडखळली नाही. म्हणजे पंप, फिल्टर, इंजेक्टर ठीक होते. दोष कॅनच्या मागे, टाकीत होता. टाकी उतरवल्यावर आतल्या जाळीवर काळपट चिकट थर निघाला.

तो आला कुठून? पावसाळ्यात ही गाडी बरेच दिवस अर्ध्या टाकीवर उभी असते. कोकणातल्या दमट हवेतली वाफ टाकीच्या रिकाम्या भागात थंड होऊन पाणी बनते आणि डिझेलखाली साचते. पाणी आणि डिझेल जिथे भेटतात तिथे जिवाणू-बुरशी वाढते, तिचाच गाळ होतो. चढावर पंप जोरानं डिझेल ओढतो तेव्हा गाळ जाळीला चिकटतो आणि गाडी थांबली की सुटून खाली बसतो. 'दहा मिनिटांनी गाडी नीट' होण्याचं कारण हे होतं.

स्कॅनर लावला की काम झालं?

नाही. स्कॅनरवरचा कोड दिशा दाखवतो, निदान करत नाही. 'रेल प्रेशर कमी' असा कोड पंप खराब झाल्यावर येतो, तसाच चोंदलेल्या फिल्टरमुळे किंवा जाळीमुळेही येतो. म्हणून केवळ कोड वाचून पार्ट बदलू नका. गाडी लोडवर चालवताना ईसीयूनं मागितलेला दाब आणि प्रत्यक्ष दाब, दोन्ही आकडे बघायला सांगा.

धूर नाही, डिझेल व्यवस्थित येतंय, तरी पाय दाबल्यावर गाडी मधूनच प्रतिसाद देत नसेल, तर अॅक्सिलरेटर पेडलचा सेन्सर आणि त्याचं वायरिंग तपासा. जुन्या गाडीत घासलेली वायर आणि गंजलेलं अर्थिंग नेहमीचं आहे.

इंजेक्टरवरच संशय असेल, तर आधी परतीच्या डिझेलची चाचणी करून घ्या. प्रत्येक इंजेक्टरला एक छोटी बाटली लावतात. एकीत इतरांपेक्षा बरंच जास्त डिझेल जमलं, तर तो इंजेक्टर आतून गळतोय. बऱ्याच गाड्यांत नवा इंजेक्टर बसवल्यावर त्याच्यावरचा कोड ईसीयूमध्ये भरावा लागतो. तो भरला का, हे नक्की विचारा.

हे मात्र करू नका

जुन्या पद्धतीच्या डिझेल इंजिनात कोणता सिलिंडर 'मिसिंग' करतोय हे शोधायला चालू इंजिनावर इंजेक्टरच्या पाइपचा नट सैल करत. कॉमन रेल गाडीत हे अजिबात करू नका. इतक्या दाबाची बारीक धार कातडी भेदून आत जाते. जखम टाचणीएवढी दिसली तरी ताबडतोब रुग्णालय गाठावं लागतं. गळती हातानं चाचपूनही बघू नका.

भरलेली अडखळती गाडी घाटात तशीच रेटू नका. इंजिन बंद पडलं तर ब्रेकला मिळणारी मदत कमी होते आणि पॉवर स्टिअरिंग जड होतं. जागा मिळताच बाजूला घ्या, हँडब्रेक ओढा, चाकांमागे दगड लावा.

मिस्त्रींकडे जाताना काय सांगाल?

'गाडी पिकअप घेत नाही' एवढंच सांगू नका. गाडी थंड असताना अडखळते की गरम झाल्यावर? रिकामी की भरलेली? कोणत्या गिअरमध्ये? धूर कोणता? टाकी किती भरलेली होती? थांबल्यावर सुधारते का? हे फोनवर लिहून ठेवा, शक्य असेल तर सोबतच्या माणसाला व्हिडिओ घ्यायला सांगा.

मामांच्या गाडीची टाकी धुतली, जाळी आणि फिल्टर बदलला. त्यानंतर गाडी हंगाम संपेपर्यंत पेट्या घेऊन घाट चढत होती. काढलेले चार इंजेक्टर मामांनी तपासणीला दिले. चारही चांगले निघाले.