पोहोचल्याचा नव्हे, उडाल्याचा मेसेज

न्यूयॉर्कहून सॅन फ्रान्सिस्कोला येणाऱ्या पाहुण्याला आणायला जाणारा माणूस विमान पोहोचल्याच्या मेसेजची वाट पाहतो. खरं तर तोच सगळ्यात कमी कामाचा; तो येतो तेव्हा घरून निघायची वेळ टळून गेलेली असते. भरवसा ठेवावा तो विमान उडाल्याच्या मेसेजवर. सुमारे 4,150 किलोमीटरच्या या प्रवासात मोठा उशीर बहुधा जमिनीवरच होतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या समांतर धावपट्ट्यांमध्ये जेमतेम 750 फुटांचं अंतर आहे. ढग खाली आले की वैमानिकाला शेजारचं विमान दिसत नाही, जोडीनं उतरणं अवघड होतं आणि तासाभरात उतरणारी विमानं घटतात. मग त्यांना आकाशात घिरट्या घालत इंधन जाळायला लावण्याऐवजी अमेरिकेची हवाई वाहतूक यंत्रणा अनेक विमानं मूळ विमानतळावरच रोखून धरते. तिकडच्या ढगांचा उशीर इकडे जमिनीवरच सोसला जातो. एकदा चाकं उचलली गेली, की उरतो तो मुख्यतः वारा. पश्चिमेकडे जाताना तो समोरून येतो, म्हणून सहा तासांहून जास्त लागतात. पण त्याचा अंदाज आधीच हिशेबात धरलेला असतो.

इथे एक फसगत होते. ‘निघालं’ याचा अर्थ पुष्कळदा विमानानं गेट सोडलं एवढाच असतो. न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर गर्दीच्या वेळी त्यानंतरही धावपट्टीसाठी बराच वेळ रांगेत थांबावं लागतं. उशिरा सुटलेलं विमान वेळेवर कसं पोहोचतं, असंही कोणी विचारेल. कंपन्या वेळापत्रकात थोडा फाजील वेळ धरतात, म्हणून. तेव्हा तिकिटावरची वेळ बाजूला ठेवून उड्डाणानंतरची सुधारित वेळ पाहावी. ती सॅन फ्रान्सिस्कोच्या घड्याळाची असते, न्यूयॉर्कहून तीन तास मागची.

नकाशावर विमान थेट सरकताना दिसत असताना मेसेज कशाला, हा आक्षेप रास्त आहे. पण नकाशा सतत बघत बसावा लागतो. मेसेज आपणहून येतो, आणि इंटरनेट नसलेल्या साध्या फोनवरही. विमान वाटेत दुसरीकडे वळवलं गेलं तर मात्र उडाल्याच्या मेसेजवरचा हिशेब कोलमडतो, म्हणून पुढचे मेसेज बंद करू नयेत. अमेरिकी नियमानुसार अर्ध्या तासाचा किंवा त्याहून जास्त उशीर, तसंच विमान वळवल्याची बातमी, मेसेजसाठी नाव नोंदवलेल्यांना कळवणं कंपन्यांवर बंधनकारक आहे. वीस मिनिटांचा उशीर त्यात बसत नाही. तेवढा वेळ विमानतळाजवळच्या फुकट वाहनतळावर गाडीत बसून काढता येतो.