आधी मिस्त्री, मग वैमानिक

मिशनरी विमानसेवेच्या गोष्टी उड्डाणांच्या म्हणून सांगितल्या जातात. खरं तर त्या दुरुस्तीच्या आहेत.

1945 मध्ये अमेरिकेत काही ख्रिस्ती वैमानिकांनी संस्था काढली. आज ती मिशन एव्हिएशन फेलोशिप, म्हणजे एमएएफ, म्हणून ओळखली जाते. महायुद्धात सैन्याची विमानं चालवलेल्या बेटी ग्रीन यांनी 23 फेब्रुवारी 1946 रोजी संस्थेचं पहिलं विमान, एक जुनं वॅको, मेक्सिकोकडे नेलं. काही महिन्यांतच दुसऱ्या वैमानिकाच्या हातून ते उतरताना आपटलं. त्याचे मोडके पंख सांधायला मेक्सिकोत गेला तो नेट सेंट.

हाच नेट 1948 मध्ये इक्वेडोरच्या जंगलात वैमानिक म्हणून गेला. एकच इंजिन, खाली नुसती झाडी. इंधन अडकलं तर उतरायला जागा नाही. मग त्याने पंखाखाली छोटी टाकी बसवून तिथून वेगळ्या नळीने इंजिनला पेट्रोल पोचवायची सोय केली. वर घिरट्या घालत लांब दोरीला बादली सोडली, की ती खाली मधोमध जवळजवळ स्थिर राहते, हीही त्याचीच युक्ती. या बादलीतून त्याने त्याच जंगलात राहणाऱ्या वाओरानी लोकांना भेटवस्तू पाठवल्या. 8 जानेवारी 1956 रोजी याच लोकांनी त्याला आणि चार साथीदारांना भाल्यांनी मारलं. त्या दिवशी विमानात कसलाही बिघाड नव्हता. कोणी बोलावलेलं नसताना जायचं का, हा प्रश्न पान्याने सुटणारा नव्हता, आणि या कामाचं कौतुक करताना तो टाळूही नये.

पापुआ न्यू गिनीत मात्र गावकरी स्वतः राबून डोंगरउतारावर धावपट्ट्या तयार करतात. रस्ता नसलेल्या गावातून अडलेली बाळंतीण दवाखान्यात न्यायची तर विमानच. अशा पट्टीवर चढाकडे तोंड करून उतरायचं आणि उताराने उडायचं. शेवटच्या टप्प्यात बेत बदलून पुन्हा वर जाणं बहुतेक ठिकाणी शक्यच नसतं, कारण समोर डोंगर असतो. दुपारी ढग खिंडी बुजवतात, म्हणून कामाची घाई सकाळची. तरी वजनकाट्याला सुटी नाही: माणसं, रताळ्यांची पोती, औषधांची खोकी, सगळं तोलूनच आत जातं.

आणि त्याआधी टाकीच्या तळातून थोडं पेट्रोल काचेसारख्या पारदर्शक नळीत काढायचं. विमानाचं हे पेट्रोल, म्हणजे ॲव्हगॅस, सहसा निळसर असतं. पाणी मिसळलं असेल तर तळाशी वेगळा थेंब दिसतो. पिंपातून भरलेल्या इंधनात हे पाणी असण्याची शक्यता जास्त. वेगमापकाच्या नळीत कुंभारीण माशीने मातीचं घर केलं नाही ना, तेही बघायचं, नाहीतर काटा खोटं बोलतो.

शंभर तासांच्या तपासणीत ऑइल फिल्टर कापून आतल्या कागदाच्या घड्या उलगडतात. त्यात चकाकणारे कण दिसले तर लोहचुंबक फिरवायचा. चिकटले तर पोलाद, नाहीतर ॲल्युमिनियम किंवा दुसरा धातू. इंजिनाचा कोणता भाग झिजतोय याचा अंदाज त्यावरून. खडीने पंख्याच्या पात्याला पडलेला बारीकसा टवका कानशीने घासून गुळगुळीत करतात, कारण तडा तिथूनच सुरू होतो. हे काम कंटाळवाणं आहे आणि त्यात फोटो काढण्यासारखं काही नाही. माझ्या मते संस्थेची खरी परीक्षा मात्र इथेच होते. अमेरिकेतल्या एमएएफने वर्षानुवर्षं वैमानिक निवडताना मेकॅनिकचा परवानाही मागितला, तो उगाच नाही.

पुढे दूरच्या भागांत ॲव्हगॅस महाग आणि दुर्मिळ होत गेलं. म्हणून अशा कामासाठीच अमेरिकेत कोडियाक नावाचं टर्बाइन विमान घडवलं गेलं. 2007 मध्ये प्रमाणपत्र मिळालेलं हे विमान जेट इंधनावर, म्हणजे घासलेटाच्याच जातकुळीतल्या इंधनावर चालतं आणि भरल्या वजनानिशी सुमारे 300 मीटरमध्ये जमीन सोडतं. किमतीत मात्र ते ॲव्हगॅसवर चालणाऱ्या जुन्या सेसना 206 विमानापेक्षा कितीतरी वरचं आहे.