पालकत्व आणि पर्यावरणस्नेही जीवनशैली : अपेक्षा व वास्तव

प्रस्तावना :
अपत्यप्राप्तीनंतर माणूस भावी पिढीचा अधिक विचार करू लागतो व त्याचे आचरण पर्यावरणपूरक बनते, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. अभ्यासकांमध्ये ही धारणा 'वारसा गृहीतक' म्हणून ओळखली जाते. प्रस्तुत लेखात तिची चिकित्सा केली आहे.

संशोधनाचे निष्कर्ष :
ब्रिटनमध्ये थॉमस व सहकाऱ्यांनी अपत्यजन्मापूर्वी व नंतर त्याच व्यक्तींच्या वृत्ती आणि वर्तनाची तुलना केली. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात फारसा बदल आढळला नाही. उलट काही पर्यावरणपूरक सवयी किंचित घटल्या. स्वीडनमधील कुटुंबांविषयीच्या २०२० च्या अभ्यासात, अपत्य असलेल्या दोन प्रौढांच्या कुटुंबाचे कार्बन उत्सर्जन अपत्य नसलेल्या तशाच कुटुंबापेक्षा २५ टक्क्यांहून अधिक आढळले. हा फरक मुख्यतः प्रवास व आहार यांतून निर्माण झाला होता.

कारणमीमांसा :
यावरून पालकांना पर्यावरणाची आस्था नसते, असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे ठरेल. अपत्यजन्मानंतर आस्था टिकते, परंतु वेळ अपुरा पडतो. महाराष्ट्रातील घरांत जुन्या सुती लुगड्यांची दुपटी व लंगोट वापरण्याची रीत होती. वरकरणी काटकसरीची वाटणारी ही रीत घरातील स्त्रियांच्या, विशेषतः आजीच्या, श्रमांवर उभी होती. विभक्त कुटुंबात आई-वडील दोघेही नोकरी करू लागल्यावर तेथे एकदाच वापरून टाकण्याचे डायपर आले. घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ मध्ये वापरलेले डायपर वेगळे गुंडाळून देण्याची तरतूद करावी लागली, यावरून या बदलाचे गांभीर्य ध्यानात येते.

अपत्याकडून पालकांकडे :
मूल शाळेत जाऊ लागल्यावर मात्र प्रभावाची दिशा बदलू शकते. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना राज्यात लॉसन व सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगात (२०१९), हवामानबदलाचे शिक्षण घेतलेल्या विद्यार्थ्यांच्या पालकांमध्येही त्याविषयीची चिंता वाढली. मुलींचा प्रभाव अधिक दिसून आला.

समारोप :
सारांश, पालकत्व माणसाला आपोआप पर्यावरणस्नेही बनवीत नाही. त्यासाठी सोयीची सार्वजनिक वाहतूक, घराजवळ पाळणाघर आणि घरकामाची न्याय्य विभागणी आवश्यक आहे. अन्यथा पर्यावरणरक्षणाचा भार पुन्हा आईवरच पडेल. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ च्या निर्देशांमुळे पर्यावरण हा विषय अभ्यासक्रमात सक्तीचा झाला. तो केवळ गुणांपुरता न ठेवता विद्यार्थ्यांच्या घरापर्यंत नेणे, हे अध्यापकांपुढील खरे आव्हान आहे.