डोंगर ओलांडून गेलेले वीस शिपाई

आमच्या चाळीतल्या एका मुलाने पहिल्या पगारातून जाड टायरची, गिअरची सायकल घेतली. सायकल दाखवताना म्हणाला, “काका, ही डोंगरातसुद्धा चालते, रस्ता लागत नाही.” मी म्हटले, बस, तुला बिनगिअरच्या सायकलींची एक हकीकत सांगतो. ती आपल्या सर्व घरांतून माहीत व्हावी असे वाटले, म्हणून हा लेखनप्रपंच.

अमेरिकेच्या वायव्येला माँटाना नावाचे डोंगराळ राज्य आहे. तेथील मिसूला गावाजवळच्या लष्करी ठाण्यात पंचविसावी पायदळ पलटण होती. शिपाई सगळे कृष्णवर्णीय, अधिकारी मात्र गोरे. त्या काळी अमेरिकन सैन्यात काळ्यांच्या पलटणी वेगळ्या ठेवल्या जात. (त्याच दशकात आपल्याकडे इंग्रज सरकारने महारांची लष्करभरती बंद केली होती, हे येथे आठवल्याशिवाय राहत नाही.) या पलटणीत जेम्स मॉस नावाचा तरुण लेफ्टनंट होता. लष्करी कॉलेजातून तो वर्गात शेवटच्या नंबराने पास झालेला! पण डोक्यात एक कल्पना होती. घोड्याला चारा लागतो, पाणी लागते, सायकलीला काहीच लागत नाही. मग शिपायाला सायकल का देऊ नये? वरिष्ठांनी परवानगी दिली आणि 1896 साली सायकल तुकडी उभी राहिली. त्याच वर्षी आठ शिपायांना घेऊन मॉस यलोस्टोनच्या गरम झऱ्यांपर्यंत जाऊन परत आला. येऊन-जाऊन सुमारे 800 मैल. झऱ्यांच्या पांढऱ्या पायऱ्यांवर सायकली घेऊन उभ्या असलेल्या त्या शिपायांचे छायाचित्र आजही पुस्तकांतून छापले जाते.

खरी परीक्षा पुढच्या वर्षी झाली. 14 जून 1897 रोजी वीस शिपाई, मॉस, एक डॉक्टर आणि एडवर्ड बूस नावाचा तरुण बातमीदार असे तेवीस जण मिसूलाहून सेंट लुईसला निघाले. अंतर 1900 मैल, म्हणजे तीन हजार किलोमीटरच्या वर. मुंबईहून नागपूर साडेतीन वेळा गाठावे, एवढे. सायकल 32 पौंडांची. तिच्यावर तंबूचा भाग, घोंगडी, भांडी, शिधा बांधला की सरासरी 59 पौंड, म्हणजे जवळजवळ 27 किलो. शिवाय रायफल आणि काडतुसे. शिधा दोन दिवसांचा घ्यायचा आणि साधारण शंभर मैलांवर आगाऊ पाठवलेला पुढचा उचलायचा. वाटेत उशीर झाला की पोटाला चिमटा.

रस्ता म्हणावा असा पुष्कळ ठिकाणी नव्हताच. पावसाने तेथील चिकणमाती अशी होई की चाक फिरेना. आपल्या काळ्या रानातला चिखल ज्याने तुडवला आहे त्याला हे सांगायला नको. दर थोड्या वेळाने उतरा, चिखल खरवडा, पुन्हा ढकला. मग निरुपायाने रेल्वेच्या रुळांवरून जात. प्रत्येक स्लीपरला सायकल आपटे आणि हाडे खिळखिळी होत. हेलेना गावाच्या अलीकडे खंडाची मोठी पाणलोट रांग आडवी येते. जून महिना असूनही माथ्यावर बर्फ होता. तेथून त्यांनी सायकली हाताने चढवल्या.

त्याहून कठीण नेब्रास्काच्या वाळूच्या टेकड्या निघाल्या. 170 मैल जायला साडेचार दिवस लागले. चाके वाळूत रुततात, ऊन 110 अंश फॅरनहाइट, आणि पाणी खारट, क्षारयुक्त. ते पिऊन माणसे आजारी पडू लागली. खुद्द मॉस आजारी पडून मागे राहिला, तेव्हा डॉक्टरने तुकडी पुढे नेली.

24 जुलैला तुकडी सेंट लुईसला पोचली. 41 दिवस लागले, त्यातले प्रत्यक्ष प्रवासाचे 34. मी कॉमर्सचा माणूस, भागाकार केल्याशिवाय राहवेना: दिवसाला सरासरी 56 मैल, नव्वद किलोमीटर! गावातले सायकलस्वार त्यांना सामोरे आले, फॉरेस्ट पार्कमध्ये त्यांना पाहायला हजारो लोक जमले. परतीचा प्रवास आगगाडीने झाला. पुढच्या वर्षी स्पेनशी युद्ध पेटले, पलटण क्युबाला गेली आणि सायकलींचा प्रयोग तेथेच संपला.

या वीस जणांत मिंगो सँडर्स नावाचे सार्जंट होते. वय सुमारे 39, एका डोळ्याने अधू. तरीही तुकडीतल्या शिपायांना सांभाळत ते पार पोचले, नंतर क्युबात लढले. 1906 साली टेक्सासमधील ब्राउन्सव्हिल गावात रात्री गोळीबार झाला, एक माणूस मेला. आळ या पलटणीवर आला. कोर्टात खटला चालला नाही, कोणाचा गुन्हा सिद्ध झाला नाही. तरी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी 167 शिपायांना एका फटक्यात काढून टाकले. त्यात पंचवीस वर्षांहून अधिक नोकरी झालेले, पेन्शनीच्या दारात आलेले सँडर्सही होते. सर्व्हिस बुक सांभाळत नोकरी करणाऱ्या माणसाला यातले दुःख वेगळे समजावून सांगावे लागत नाही. 1972 साली सरकारने ती बडतर्फी चुकीची ठरवली. तोवर सँडर्स हयात नव्हते.

आज मिसूलामध्येच सायकल-प्रवासाच्या एका मोठ्या संस्थेचे कार्यालय आहे. तिने 1998 मध्ये कॅनडापासून मेक्सिकोच्या सीमेपर्यंत, त्याच पाणलोट रांगेच्या अंगाने, कच्च्या वाटांचा डोंगरी सायकलमार्ग आखला. हौशी लोक जगभरातून येतात, आठवड्यांमागून आठवडे डोंगरात घालवतात.

मुलगा सगळे ऐकून सायकलीच्या गिअरवर बोट फिरवत बसला होता. मग म्हणाला, “काका, वाळूत ते उतरून ढकलत असतील ना?” म्हटले, हो, कित्येक मैल. रविवारी तो मित्रांबरोबर कर्जतच्या बाजूला निघाला आहे. आईने त्याला चार भाकऱ्या, ठेचा आणि पाण्याची दुसरी बाटली बांधून दिली आहे.