वेग कीं ओढ? : जुन्या मोटारीच्या मागच्या आंसाचा हिशेब

ज्या घरांत एखादी जुनी मोटार वडिलांची ठेव म्हणून जपून ठेवलेली असते, त्या घरांत तिच्याविषयीं दोन पक्ष असावयाचेच. एक म्हणतो, ती होती तशीच राहूं द्यावी. दुसरा म्हणतो, रस्ते बदलले तेव्हां गाडीनेंही थोडें बदलावें. आमच्या घरींही मागील दिवाळींत हा वाद उपस्थित झाला. गाडी मॉरिस मायनर १०००, आणि वादाचा विषय तिच्या मागच्या आंसांतील दोन दंतचक्रें!

ॲलेक इसिगॉनिस यांनीं योजिलेली मायनर इंग्लंडांत १९४८ सालीं बाजारांत आली. आपल्याकडे हिंदुस्थान मोटर्सनें तिच्याच धर्तीवर ‘बेबी हिंदुस्थान’ काढली. १९५६ सालीं मायनरला ९४८ घन सेंटिमीटरचें एंजिन मिळालें व तिच्या नांवापुढें १००० हा आंकडा लागला. हें एंजिन मिनिटास ४७५० फेरे घेत असतां ३७ अश्वशक्ति देतें. गांवांत हिंडावयास एवढें पुष्कळ झालें. परंतु २००२ सालीं पूर्ण झालेल्या मुंबई-पुणें द्रुतगति महामार्गावर ती ताशीं ९० किलोमीटरनें हांकूं लागल्यास एंजिनाचा आवाज एवढा वाढतो कीं, आंत बसलेल्यांचें संभाषणच थांबावें.

याचें कारण मागच्या आंसांत आहे. एंजिनाची गति एका लांब दांड्यानें मागें येते. तेथें ९ दांत्यांचें लहान चक्र ४१ दांत्यांच्या मोठ्या चक्रास फिरवितें. कारागीर या जोडीस क्राऊन-पिनियन म्हणतात. ४१ ला ९ नें भागिलें असतां सुमारें ४.५६ येतात, म्हणजे दांड्याचे ४.५६ फेरे व्हावे तेव्हां चाकाचा एक व्हावा. चाकाच्या एका फेऱ्यांत गाडी सुमारें १.८६ मीटर पुढें सरकते. तेव्हां ताशीं ९० च्या वेगास चाक मिनिटास सुमारें ८०० वेळां फिरतें, आणि चौथ्या गिअरांत एंजिनास सुमारें ३७०० फेरे घ्यावे लागतात.

माझा पुतण्या म्हणाला, “काका, रायलीची जोडी बसवूं या. मायनरच्याच बैठकीवर बांधलेली दीड लिटरची ती गाडी. तिचें प्रमाण ४१ ला ११, म्हणजे ३.७३. आपल्या ३७०० चे ३००० होतील. आवाज कमी, झीज कमी, आणि पेट्रोलही वांचेल.”

त्याचा हिशेब अगदीं बरोबर होता. इतक्यांत आईनें विचारलें, “अरे, पण खंडाळ्याच्या चढावर मला उतरून चालावें लागणार नाहीं ना?”

आम्ही हंसलों, पण खरा प्रश्न तोच होता. दंतचक्रें शक्ति निर्माण करीत नाहींत. तीं केवळ देवाणघेवाण करतात. फेरे जितके वांचावे तितकी चाकावरील ओढ घटावी, हा नियम कोणासही चुकविता येत नाहीं. ४.५६ वरून ३.७३ वर आल्यास प्रत्येक गिअरांत शेंकडा १८ ओढ जाते. चौघे बसलेले, सामान लादलेलें, अशा स्थितींत जो चढ गाडी तिसऱ्या गिअरांत चढत होती, तेथें दुसरा घालावा लागेल. रायलीचें एंजिन १४८९ घन सेंटिमीटरचें असल्यानें तिला तें पेलत असे. उतरणीवरची गोष्ट तर अधिक गंभीर आहे. घाट उतरतांना एंजिन गाडीस मागें धरतें. ती धरही तितकीच सैल होते, आणि सारा भार त्या वेळच्या साध्या ब्रेकांवर पडतो.

मग मध्यम मार्ग कोणता? १९६२ सालीं मायनरला १०९८ घन सेंटिमीटरचें, ४८ अश्वशक्तीचें एंजिन मिळालें, तेव्हां कारखान्यानें ३८ ला ९, म्हणजे ४.२२ हें प्रमाण घेतलें. शक्ति इतकी वाढूनही कारखाना त्यापुढें गेला नाहीं. मग आमच्या ३७ अश्वशक्तीनें तरी कां जावें? या जोडीनें ३७०० चे ३४०० फेरे होतात आणि ओढ केवळ शेंकडा ७ नें घटते. शेवटीं आम्हीं तीच पसंत केली.

असा बदल करूं इच्छिणारांनीं तीन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. पहिली, दोन्ही चक्रें एकमेकांशीं घांसून जुळविलेलीं असतात. म्हणून जोडी कधींही फोडूं नये. दुसरी, हिशेबापूर्वीं टायरवर व जमिनीवर खडूची खूण करून, चाकाच्या एका फेऱ्यांत गाडी किती पुढें जाते तें स्वतः मोजावें. टायर बदलला कीं आंकडे बदलतात. तिसरी, वेगमापकास गति गिअरपेटींतून मिळत असल्यानें तो आतां कमी वेग दाखवील. आमच्या गाडीचा कांटा ८३ वर असतो तेव्हां गाडी ९० नें धांवत असते. तो दुरुस्त करून घेईपर्यंत ही गोष्ट चालविणाराच्या ध्यानांत असलीच पाहिजे.

जुनी जोडी आम्हीं ग्रीस लावून पेटींत ठेविली आहे. पुढील पिढीस हवी तर ती परत बसवावी. मात्र निवड करतांना, गाडी किती धांवेल याच्या आधीं, ती कोठें जाणार आणि तींत कोण बसणार हें विचारावें. आमच्या घरीं तें आईनें विचारलें, म्हणून बरें झालें.