समलिंगी विवाह : सभागृहात न झालेली चर्चा

शुक्रवार, १ एप्रिल २०२२ रोजी बारामती मतदारसंघाच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत एक खासगी विधेयक मांडले. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात दुरुस्ती करून दोन पुरुषांच्या किंवा दोन स्त्रियांच्या विवाहास कायदेशीर मान्यता द्यावी, असा त्याचा आशय होता. दोघेही पुरुष असल्यास वयाची अट २१ वर्षांची, दोघीही स्त्रिया असल्यास १८ वर्षांची ठेवावी आणि ‘पती’ व ‘पत्नी’ या शब्दांच्या जागी ‘जोडीदार’ या अर्थाचा शब्द योजावा, असे त्यात सुचविले होते. या विधेयकावर सभागृहात चर्चा झाली नाही. २०२४ साली सतरावी लोकसभा विसर्जित झाली आणि तिच्याबरोबर हे विधेयकही संपुष्टात आले.

खासगी विधेयकाचा असा शेवट होणे, यात नवल काही नाही. स्वातंत्र्यानंतर संसदेने अशी अवघी चौदा विधेयके संमत केली असून त्यांतील शेवटचे १९७० सालचे आहे. तेव्हा विधेयक संमत झाले नाही, ही तक्रार होऊ शकत नाही. तक्रार आहे ती त्यावर बोलणे झाले नाही, ही. कारण या प्रश्नावर देशातील सर्वांत मोठ्या परंपरानिष्ठ पक्षात, म्हणजे भारतीय जनता पक्षात आणि त्याच्या वैचारिक परिवारात, गेली दहा-बारा वर्षे एकच मत नांदत आलेले नाही. ते मतभेद मुलाखतींतून, परिषदांतून आणि प्रतिज्ञापत्रांतून प्रकट झाले. ज्या सभागृहात ते प्रकट व्हावयास हवे होते, तेथे मात्र ते आले नाहीत.

हे विधेयक बारामतीतून यावे, याचे अनेकांना आश्चर्य वाटले असेल. बारामती, इंदापूर, दौंड, पुरंदर, भोर आणि खडकवासला असे हे सहा विधानसभा क्षेत्रांचे मिळून बनलेले मतदारसंघाचे क्षेत्र. त्यातील बारामती आणि इंदापूर हे तालुके ऊस, दूध आणि सहकार यांवर उभे आहेत. येथे विवाह हा दोन व्यक्तींचा खासगी प्रश्न कधीच नसतो. सोयरीक जुळते ती दोन घरांची, दोन भावकींची. आणि तिच्या मागेपुढे जमिनीचा बांध, कारखान्याचे सभासदत्व व सोसायटीचे कर्ज यांचा हिशेब असतोच. अशा समाजात समलिंगी विवाहाचा विचार सहज पचनी पडणारा नाही, हे उघड आहे.

परंतु ही परंपरानिष्ठा कोणा एका पक्षाची मिरास नाही, हेही तितकेच उघड आहे. इंदापूरचे हर्षवर्धन पाटील काँग्रेसमधून २०१९ साली भाजपमध्ये गेले आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये शरद पवारांच्या राष्ट्रवादीत आले. जुलै २०२३ मध्ये खुद्द राष्ट्रवादी काँग्रेसच दुभंगली आणि तिचा एक भाग भाजपबरोबर सत्तेत गेला. नेत्यांचे आणि कार्यकर्त्यांचे पक्ष बदलले, म्हणून विवाहाविषयीची त्यांची किंवा त्यांच्या मतदारांची समजूत बदलली, असे कोणी म्हणणार नाही. राष्ट्रवादी काँग्रेसने ऑक्टोबर २०२० मध्ये समलिंगी व तृतीयपंथी नागरिकांसाठी पक्षात स्वतंत्र विभाग स्थापन केला, हे खरे. तथापि सुळे यांचे विधेयक हे एका सदस्येचे विधेयक होते; ते पक्षाचे धोरण बनले नाही आणि २०२४ च्या निवडणुकीत प्रचाराचा मुख्य विषयही झाले नाही. याउलट, २०२३ साली केंद्राने राज्यांची मते मागविली तेव्हा स्पष्ट विरोध नोंदविणाऱ्या तीन राज्यांत काँग्रेसची सत्ता असलेले राजस्थान होते. महाराष्ट्राने विचारासाठी वेळ मागितला.

मतांची वळणे

आता भाजपच्या भूमिकेचा प्रवास पाहू. डिसेंबर २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांस गुन्हा ठरविणारे दंडविधानाचे ३७७ वे कलम कायम ठेवले, तेव्हा पक्षाध्यक्ष राजनाथ सिंह यांनी असे संबंध अनैसर्गिक असल्याचे सांगून त्या निर्णयाची पाठराखण केली. दोनच वर्षांनी, नोव्हेंबर २०१५ मध्ये, त्याच पक्षाचे अर्थमंत्री अरुण जेटली यांनी न्यायालयाने त्या निर्णयाचा फेरविचार करावा, असे जाहीरपणे सुचविले. पण त्यानंतर महिना उलटण्यापूर्वीच शशी थरूर यांनी हे कलम शिथिल करणारे खासगी विधेयक मांडण्याची अनुमती मागितली, तेव्हा लोकसभेने ती २४ विरुद्ध ७१ मतांनी नाकारली. म्हणजे विधेयकाला विरोध करणे दूरच राहिले, ते मांडूच दिले गेले नाही.

मार्च २०१६ मध्ये राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे दत्तात्रेय होसबाळे यांनी हा गुन्हा मानू नये असे म्हटले. लगेच दुसऱ्या दिवशी, गुन्हा नसला तरी ते सामाजिकदृष्ट्या अनैतिक होय, असा खुलासा त्यांनी केला. सप्टेंबर २०१८ मध्ये न्यायालयाने कलम शिथिल केले. त्या वेळी केंद्र सरकारने निर्णय न्यायालयाच्या विवेकावर सोपविला होता. डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्राच्या विद्यापीठ कायद्यातील दुरुस्तीत या समाजघटकांच्या प्रतिनिधित्वाचा उल्लेख आला, तेव्हा विधानसभेत सुधीर मुनगंटीवार यांनी त्यावर कडाडून आक्षेप घेतला. डिसेंबर २०२२ मध्ये सुशीलकुमार मोदी यांनी राज्यसभेत समलिंगी विवाहास विरोध करताना, असा सामाजिक प्रश्न दोन न्यायाधीशांनी ठरवू नये, असे बजावले. पुढच्याच महिन्यात सरसंघचालक मोहन भागवत यांनी जरासंधाच्या हंस व डिंभक या सेनापतींचा दाखला देऊन, अशी माणसे समाजात पूर्वापार आहेत आणि त्यांनाही जगण्याचा अधिकार आहे, असे प्रतिपादन केले. मार्च २०२३ मध्ये होसबाळे यांनी विवाह हा संस्कार असून तो स्त्री-पुरुषांतच होऊ शकतो, असे स्पष्ट केले; आणि त्याच महिन्यात सरकारने न्यायालयात पती, पत्नी व अपत्ये हीच भारतीय कुटुंबाची कल्पना असल्याचे प्रतिज्ञापत्र दिले.

या साऱ्यातून एक गोष्ट दिसते. ‘गुन्हा’ या टोकापासून ‘गुन्हा नाही, पण विवाहही नाही’ या टप्प्यापर्यंत हा पक्ष दहा वर्षांत येऊन पोहोचला. हे स्थित्यंतर लहान नाही. परंतु ते का घडले आणि येथेच का थांबावे, याची मीमांसा पक्षाने कोठेही उघडपणे केली नाही.

आक्षेपांचा विचार

परंपरावाद्यांचे आक्षेप हसण्यावारी नेण्याजोगे नाहीत. विवाह हा संस्कार आहे, हा त्यांतील पहिला. त्याला उत्तर असे की, विशेष विवाह कायद्यातील विवाह हा मुळातच नोंदणीचा विवाह आहे. सप्तपदीला त्याचा स्पर्श होत नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. विवाहाचा कायदा एकटा नसतो. वारसा, पोटगी, दत्तक आणि स्त्रियांना दिलेली संरक्षणे यांच्याशी तो गुंफलेला असतो. ‘पत्नी’ हा शब्द सरसकट काढून टाकला, तर पत्नी म्हणून स्त्रीला मिळालेली संरक्षणे दुबळी होतील, ही भीती न्यायमूर्ती रवींद्र भट यांनीही १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालपत्रात व्यक्त केली. पाचही न्यायाधीशांनी विवाहाचा मूलभूत हक्क नाकारला. विवाहाबाहेरील नागरी संबंधांस मान्यता द्यावी काय, यावर मात्र ते तीन विरुद्ध दोन असे विभागले. फेरविचाराच्या याचिका ९ जानेवारी २०२५ रोजी फेटाळल्या गेल्या. हे काम संसदेचे, असे न्यायालयाने म्हटले. संसदेत तर ते काम सुरूच झालेले नव्हते.

तिसरा आक्षेप, ही सारी शहरी उच्चभ्रूंची चैन आहे, हा. सरकारनेही न्यायालयात त्या धर्तीची भाषा वापरली होती. पण देशाच्या सभागृहात हा प्रश्न आणणारे विधेयक बहुतांशी ग्रामीण तालुक्यांच्या प्रतिनिधीने मांडले होते, ही वस्तुस्थिती या आक्षेपाशी जुळत नाही. शिवाय चैनीची बाब कोणती आणि गरजेची कोणती, हे ठरविण्यासाठी भावनांपेक्षा कागदपत्रे पाहणे अधिक उपयोगी ठरेल.

विवाहाचे अर्थकारण

भिगवण रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीतील एखादा कामगार किंवा भवानीनगरच्या साखर कारखान्यातील एखादा लिपिक आपल्या जोडीदाराबरोबर वीस वर्षे एका घरात राहिला, असे समजा. त्याचे आई-वडील त्याच्यावर अवलंबून असतील, तर भविष्यनिर्वाह निधीसाठी कुटुंबाबाहेरच्या व्यक्तीचे नामनिर्देशन त्याला करता येत नाही. उपदानाचा नियमही याच वळणाचा आहे. विमापत्रावर जोडीदाराचे नाव घातले, तरी २०१५ च्या दुरुस्तीनुसार रकमेवर स्वतःचा हक्क मिळतो तो आई-वडील, पती-पत्नी व अपत्ये यांनाच. इतर नामनिर्देशित व्यक्ती ती रक्कम वारसांच्या वतीने स्वीकारणारी ठरते. ‘नॉमिनी म्हणजे वारस नव्हे’ हे कोणत्याही बँकेतील लिपिक सांगू शकेल. कुटुंब निवृत्तिवेतन आणि अनुकंपा नियुक्ती यांचा तर प्रश्नच उद्भवत नाही.

मृत्युपत्र करता येते, असे यावर सांगितले जाते. ते खरे आहे. पण निवृत्तिवेतन मृत्युपत्राने देता येत नाही आणि नाराज भाऊबंद मृत्युपत्राला न्यायालयात आव्हान देऊ शकतात. हयातीत घर नावावर करावे, तर महाराष्ट्रात पती, पत्नी, मुले व नातवंडे यांना राहते घर किंवा शेतजमीन बक्षीस देताना मुद्रांकशुल्क अवघे २०० रुपये पडते. जोडीदारासाठी मात्र ते बाजारमूल्यानुसार भरावे लागते. जोडीदार शेतकरी नसेल, तर कुळकायद्याचे ६३ वे कलम आड येते आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून शेतजमीन त्याला बक्षीस देता येत नाही. प्राप्तिकरातही पती-पत्नींनी परस्परांना दिलेल्या देणग्यांना सूट आहे. ती या जोडप्यांना नाही, म्हणून २०२५ साली मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली गेली. सारांश, विवाह हा अनेक आर्थिक हक्कांचा एकत्रित परवाना आहे. श्रीमंत माणूस वकील नेमून त्यांतील काही हक्क करारांनी विकत घेऊ शकतो. लिपिक आणि कामगार तसे करू शकत नाहीत. तेव्हा ही उणीव उच्चभ्रूंना नव्हे, अल्प उत्पन्नाच्या माणसालाच अधिक जाचते.

सरकारलाही हे काही अंशी पटले असावे. एप्रिल २०२४ मध्ये मंत्रिमंडळ सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. २८ ऑगस्ट २०२४ रोजी अर्थमंत्रालयाने अशा जोडीदारांना संयुक्त बँक खाते उघडण्यास व एकमेकांचे नामनिर्देशन करण्यास आडकाठी नसल्याचे जाहीर केले. शिधापत्रिकेसाठी त्यांना एकाच घरातील मानावे, असेही राज्यांना कळविण्यात आले. म्हणजे बँकेने आणि रेशन दुकानदाराने ज्यांना एक कुटुंब मानावयाचे, त्यांना निबंधकाने परके मानावयाचे. दुसरीकडे, समान नागरी कायद्याचा आग्रह धरणाऱ्या याच पक्षाच्या सरकारने उत्तराखंडात २७ जानेवारी २०२५ पासून जो कायदा लागू केला, त्यात विवाहच नव्हे, तर विवाहावाचूनचे सहजीवनही स्त्री-पुरुषांपुरतेच ठेवले. ‘समान’ या शब्दाचा हा अर्थ पक्षातील सर्वांना मान्य आहे काय, हे विचारण्याची जागा सभागृह हीच होती.

जुना अनुभव

महाराष्ट्राला विवाहविषयक सुधारणांचे वाद नवे नाहीत. १९१८ साली विठ्ठलभाई पटेलांनी हिंदूंच्या आंतरजातीय विवाहांस वैधता देणारे विधेयक केंद्रीय कायदेमंडळात मांडले. त्यावर मोठे काहूर उठले आणि ते विधेयक संमत झाले नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९१९ साली आपल्या कोल्हापूर संस्थानात तसा कायदा केला. सबंध देशासाठी तो होण्यास १९४९ साल उजाडले. हिंदू कोडाच्या वेळी पंतप्रधान नेहरू एका बाजूस आणि राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद दुसऱ्या बाजूस, असे चित्र एकाच काँग्रेसमध्ये होते. विधेयक रेंगाळले म्हणून डॉ. आंबेडकरांनी सप्टेंबर १९५१ मध्ये राजीनामा दिला. पण ते मतभेद झाकलेले नव्हते. वर्षानुवर्षे सभागृहात आणि बाहेर त्यांचा ऊहापोह झाला. त्यामुळेच १९५५-५६ मध्ये कायदे झाले, तेव्हा विरोधकांसही आपले म्हणणे ऐकले गेले नाही, असे म्हणता आले नाही.

परदेशातील एक उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. ५ फेब्रुवारी २०१३ रोजी ब्रिटिश लोकसभेत समलिंगी विवाहाच्या विधेयकावर पक्षादेशाविना मतदान झाले. बाजूने ४०० आणि विरोधी १७५ मते पडली. विधेयक हुजूर पक्षाच्या पंतप्रधानांनी आणले होते आणि त्यांच्या स्वतःच्या पक्षात विरोधी मते बाजूच्या मतांहून अधिक होती. विवाहसंस्था दृढ व्हावी, हेच परंपरावाद्याचे ध्येय असल्याने ती अधिकांना खुली करावी, असे डेव्हिड कॅमेरॉन यांचे म्हणणे. तिची व्याख्या बदलल्याने ती सैल होईल, असे त्यांच्या मागील बाकांवरील सहकाऱ्यांचे. दोघेही एकाच तत्त्वाचा आधार घेत होते. पक्ष त्यामुळे मोडला नाही. दोन वर्षांनी त्याने बहुमत मिळविले.

भारतात पक्षांतरबंदीच्या कायद्यामुळे पक्षादेशाचा धाक मोठा आहे. परंतु खासगी विधेयकांवर सहसा पक्षादेश निघत नाही. म्हणूनच असे विधेयक हे मोकळ्या चर्चेचे सोयीस्कर साधन होते. विवाहाच्या मान्यतेचा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवला, तरी वारसा, निवृत्तिवेतन, मुद्रांकशुल्क आणि रुग्णालयातील संमती यांपुरता मर्यादित नागरी संबंधांचा कायदा करावा काय, पत्नी म्हणून स्त्रियांना असलेली संरक्षणे अबाधित ठेवून तो कसा रचावा, हे प्रश्न तरी सदस्यांना आपापल्या बुद्धीने मांडू द्यावयास हवेत. विरोधकांनी विरोध करावा. तोही नोंदवहीत यावा. सामाजिक प्रश्न न्यायाधीशांनी ठरवू नयेत, असे सुशीलकुमार मोदी म्हणाले होते. ते म्हणणे रास्त मानले, तर ते ठरविण्याची जबाबदारी लोकप्रतिनिधींवर येते, आणि त्यांच्यातील सर्वांत मोठ्या पक्षावर ती सर्वांत अधिक येते.